डाव मांडून देणारे कॅफे

बोर्ड गेम कॅफे हा उपाहारगृहाचा एक नवा प्रकार आहे. इथल्या भिंतींवर जमिनीपासून छतापर्यंत बैठ्या खेळांचे खोके रचलेले असतात, टेबले नेहमीपेक्षा रुंद असतात आणि बिलात चहा-कॉफीबरोबर बसण्याचेही पैसे लावलेले असतात. मित्रांचा कंपू किंवा एखादे कुटुंब येते, हवा तो खेळ उघडते आणि दोन-तीन तास रमते. खेळ विकत घ्यावा लागत नाही. तो आधीपासून येत असण्याचीही गरज नसते, कारण शिकवायला कॅफेचाच माणूस टेबलाशी येतो. या प्रकाराचे बरेचसे यश या शेवटच्या सोयीत आहे. एकत्र बसून खेळायची हौस बहुतेक घरांत असते. अडते ते सुरुवातीपाशी. कोणता खेळ काढायचा, नियम कोणी वाचायचे, ज्याला येत नाही त्याला कोणी सांभाळून घ्यायचे, यावर एकमत होईपर्यंत जो तो आपापल्या फोनमध्ये शिरलेला असतो. कॅफे ही सुरुवात करून देतो.

कॉफी आणि खेळ यांचे नाते जुनेच आहे. पॅरिसमधले ‘कॅफे द ला रेजाँस’ अठराव्या शतकात बुद्धिबळाचे माहेरघर होते. त्या काळचा अव्वल खेळाडू फिलिदोर तिथे खेळे आणि दीदरोसारखा विचारवंत तिथे डाव पाहत बसे. व्हिएन्नातल्या ‘कॅफे सेंट्रल’लाही बुद्धिबळपटूंमुळे असाच लौकिक मिळाला. इस्तंबूल आणि कैरोच्या कॉफीखान्यांत बॅकगॅमनचे डाव आजही रंगतात. मात्र या जागा ज्यांना खेळ येतो त्यांच्या, आणि बहुतांशी पुरुषांच्या होत्या. पटाशी दोघे बसायचे, बाकीचे बघे. घरच्या बायकामुलांनी किंवा एखाद्या नवख्याने तिथे सहज जाऊन बसावे, अशी सोय नव्हती. बोर्ड गेम कॅफेला ती करता आली, कारण मधल्या काळात खेळच बदलले होते.

जुन्या घरगुती खेळांची अडचण उन्हाळ्याच्या सुट्टीत ‘व्यापार’ खेळलेल्या कोणालाही ठाऊक असते. व्यापार हा मोनोपॉलीचा भारतीय अवतार. अमेरिकेतल्या एलिझाबेथ मॅगी यांनी १९०४ मध्ये ‘लँडलॉर्ड्स गेम’ या खेळाचे पेटंट घेतले, ते जमिनीची मक्तेदारी मूठभरांना श्रीमंत आणि बाकीच्यांना कंगाल कशी करते हे लोकांना दाखवण्यासाठी. त्याच पटावरून पुढे मोनोपॉली आकाराला आली आणि १९३५ पासून पार्कर ब्रदर्स कंपनीने ती घरोघरी पोचवली. एकेका भिडूचे दिवाळे काढूनच हा खेळ संपतो, आणि त्याच्या जन्मामागचा हेतू पाहता ते साहजिकही आहे. पण पहिला बाद झालेला भिडू पुढचा तासभर नुसता बसून राहतो. तो घरातला सगळ्यात धाकटा असेल तर डाव रडारडीवर जातो. माणसे जवळ आणण्यासाठी हा खेळ बेतलेलाच नाही.

वेगळ्या धाटणीचे खेळ आले ते प्रामुख्याने जर्मनीतून. तिथे रविवारी दुपारी घरच्यांनी मिळून खेळायची प्रथा रुजलेली आहे, वर्तमानपत्रांत नव्या खेळांची परीक्षणे येतात आणि खोक्यावर खेळ रचणाऱ्याचे नाव पुस्तकाच्या लेखकासारखे छापले जाते. ‘श्पील देस यारेस’, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम खेळ, हा पुरस्कार १९७९ पासून दिला जातो आणि १९८३ पासून एस्सेन शहरात दर शरद ऋतूत खेळांची मोठी जत्रा भरते. १९९५ चा पुरस्कार ‘कॅटान’ या खेळाला मिळाला. तो रचणारे क्लाउस टॉयबर पेशाने दंततंत्रज्ञ होते.

कॅटानमध्ये एकोणीस षट्कोनी तुकडे जोडून एक बेट तयार होते. कुठे लाकूड मिळते, कुठे विटा, कुठे लोकर, गहू किंवा खनिज. एक तुकडा ओसाड वाळवंटाचा. दोन फाशांची बेरीज जी येईल, त्या आकड्याच्या जमिनीलगत ज्याची वस्ती असेल त्या प्रत्येकाला माल मिळतो, मग पाळी कोणाचीही असो. त्यामुळे दुसऱ्याच्या पाळीतही सगळ्यांचे डोळे पटावर असतात. त्यातच कोणाकडेही सगळा माल पुरेसा नसतो. रस्ता बांधायला वीट हवी आणि वीट धाकट्या बहिणीकडे, म्हणजे तिच्याशी बोलणे भाग. ‘दोन गहू घे, एक वीट दे’ इथून सुरू झालेली घासाघीस मनधरणीवर, आणि कधी ‘मागच्या वेळी तू मला दिलीस का?’ यावर जाते. कोणी बाद होत नाही. कोणाचे तरी दहा गुण झाले की डाव संपतो. खेळ पुढे सरकायचा तर माणसांनी एकमेकांशी बोललेच पाहिजे, ही त्याची रचनाच आहे. कॅफेच्या टेबलावर चार जणांना गुंतवून ठेवणारी खरी ताकद ही.

असे खेळ जमा झाल्यावर त्यांच्यासाठी जागा निघणे ओघानेच आले. दक्षिण कोरियात २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बोर्ड गेम कॅफेंची लाट आली, लवकरच ओसरली आणि पुढे पुन्हा सावरली. उत्तर अमेरिकेत आणि पुढे इतरत्र ज्याचा कित्ता गिरवला गेला तो कॅफे मात्र कॅनडातला. टोरंटोच्या ब्लोअर स्ट्रीटवर २०१० मध्ये ‘स्नेक्स अँड लाटेज’ सुरू झाला. फ्रान्सहून आलेले बेन कास्तानी आणि त्यांच्या सहकारी ऑरेलिया पेनेट यांनी तो काढला. माणशी पाच डॉलर भरावेत आणि हवा तितका वेळ, हवे ते खेळ खेळावेत, अशी साधी पद्धत होती. वाय-फाय मुद्दाम ठेवलेला नव्हता. बाकीचे कॉफी शॉप जे दाखवून गिऱ्हाईक ओढत होते तेच या जोडीने नाकारले, आणि तरीही शनिवार-रविवारी दाराबाहेर रांग लागू लागली. टोरंटोचा हिवाळा लांब आणि कडक असतो. दारू न पिता, सिनेमा न पाहता, चार माणसांनी मिळून संध्याकाळ घालवावी अशा उबदार जागेची तिथे गरजच होती. पाठोपाठ २०१३ मध्ये ऑक्सफर्डला ‘थर्स्टी मीपल्स’ आणि २०१४ मध्ये लंडनला, रेल्वे पुलाखालच्या कमानीत, ‘ड्राफ्ट्स’ सुरू झाला. आता युरोप-अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या शहरांत एक-दोन तरी असे कॅफे असतातच.

टोरंटोच्या कॅफेने रूढ केलेली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे खेळ शिकवणारा पगारी माणूस. तिथे त्याला ‘गेम गुरू’ म्हणतात. त्याचे काम वाटते तितके सोपे नाही. टेबलाशी आल्यावर तो आधी विचारतो: किती जण आहात, सगळ्यात लहान कोण, वेळ किती, हसायचे आहे की डोके चालवायचे आहे? दोन मिनिटांत त्याला ताडायचे असते, की हे कॉलेजचे मित्र आहेत, की पहिल्यांदाच भेटणारे दोन व्याही, की मुलांनी बळेच आणलेले आई-वडील. मग तो दोन-तीन खोके काढतो आणि त्यांतला एक उघडतो.

नियमपुस्तिका बहुधा खोक्यातल्या वस्तूंच्या यादीने सुरू होते. चांगला गुरू तिथून कधीच सुरू करत नाही. आपण या खेळात कोण आहोत आणि जिंकायचे कसे, हे तो पहिल्या दोन वाक्यांत सांगतो. मग एका पाळीत काय काय करता येते ते दाखवतो. अपवाद आणि बारकावे बाजूला ठेवतो. ते प्रसंग येतील तेव्हा टेबलाशी परत येऊन सांगतो. पहिली फेरी सगळ्यांनी पत्ते उघडे ठेवून खेळायला लावतो, म्हणजे कोणाला काही कळले नसेल तर ते चारचौघांत कबूल करावे लागत नाही.

या व्यवस्थेचा आणखी एक परिणाम होतो आणि तो घरच्यांच्या बाबतीत फार महत्त्वाचा आहे. घरी ज्याला नियम येतात तोच शिकवतो, तोच पंच होतो आणि बहुतेक वेळा तोच जिंकतो. थोरला भाऊ किंवा घरातला एखादा हुशार काका वर्षानुवर्षे हे स्थान भूषवतो, आणि बाकीच्यांचा त्या खेळातला रस हळूहळू उडतो. कॅफेत नियम तिऱ्हाइताकडून येतात. सगळे एकाच वेळी अडाणी असतात आणि एकाच वेळी शिकतात. वाद झालाच तर निकाल बाहेरचा माणूस देतो, त्यामुळे तो मनाला लागत नाही. वडील मुलीला ‘आता माझी पाळी का?’ असे विचारतात, सासूबाई सुनेच्या गटात जाऊन नवऱ्याविरुद्ध खेळतात, आणि घरातली उतरंड दीड-दोन तास बाजूला राहते.

माणसे एकमेकांना किती ओळखतात, यावरच काही खेळ उभे आहेत. चेक रचनाकार व्लादा ख्वातिल यांचा ‘कोडनेम्स’ हा २०१६ चा पुरस्कारविजेता खेळ त्यांतलाच. टेबलावर पाच-पाचच्या ओळींत पंचवीस शब्द मांडतात. दोन गट होतात आणि प्रत्येक गटाचा एक म्होरक्या असतो. कोणते शब्द आपले आणि कोणते समोरच्यांचे, हे फक्त म्होरक्यांना ठाऊक असते. एका गटाचे नऊ, दुसऱ्याचे आठ, सात कोणाचेच नाहीत, आणि एक शब्द असा की त्याला हात लावला तर डावच गेला. म्होरक्याने एक शब्द आणि एक आकडा, एवढेच बोलायचे. समजा मराठी शब्दांच्या चिठ्ठ्या करून हा खेळ मांडला आहे आणि नातवाला आपल्या गटाकडून ‘वीट’, ‘टाळ’ आणि ‘नदी’ हे शब्द ओळखून घ्यायचे आहेत. तो म्हणतो, ‘विठोबा, तीन.’ वीट आणि टाळ सगळ्यांनाच सुचतात. नदीपाशी मित्र अडखळतात, पण आजी चंद्रभागेचे नाव घेऊन ताबडतोब बोट ठेवते. मात्र तिथेच ‘कंबर’ हा शब्दही आहे, आणि तोच डाव घालवणारा. आजीचे बोट आधी तिकडे वळले असते तर संपलेच होते. आपल्या माणसांना काय आठवेल, काय सुचेल, याचा अंदाज बांधत राहणे हाच इथे खेळ आहे.

फ्रान्सचे बालमानसोपचारतज्ज्ञ झाँ-लुई रुबिरा यांचा ‘डिक्सिट’ याच वाटेने आणखी खोल जातो. प्रत्येकाच्या हातात स्वप्नातल्यासारख्या चित्रांचे पत्ते असतात. एक जण आपल्या एका पत्त्यासाठी एखादा शब्द किंवा वाक्य बोलतो. बाकीचे आपापल्या हातातून त्याला जुळणारे चित्र देतात, सगळे पत्ते मिसळून उघडे मांडतात आणि मूळचे चित्र कोणते ते ओळखतात. गुण देण्याची रीत विलक्षण आहे. सगळ्यांनी ओळखले तर सांगणाऱ्याला शून्य, आणि कोणीच ओळखले नाही तरीही शून्य. म्हणजे काहींना कळावे आणि काहींना कळू नये, इतक्याच उजेडात बोलायचे. पुण्यातल्या एखाद्या घरात आजोबा नुसते ‘पानशेत’ म्हणाले, तर १९६१ च्या पुराच्या हकिगती ऐकत वाढलेली नात बरोबर पाण्याकडे जाते आणि तिचा बंगळुरूचा मित्र गोंधळतो. मग डाव थांबतो आणि आजोबा त्याला पूर सांगू लागतात. घरातल्या कितीतरी गोष्टी अशा निमित्ताने पुन्हा बोलल्या जातात. खेळात अक्षर वाचावे लागत नसल्यामुळे ज्यांना इंग्रजीचा संकोच वाटतो त्यांनाही तो चालतो. रंगीत फरशा जुळवायचा ‘अझूल’ किंवा आकड्यांचा ‘रमीकब’ हेही त्याच कारणाने तीन पिढ्यांच्या टेबलावर हमखास चालतात.

हरणे ज्यांना सोसत नाही त्यांच्यासाठी सहकाराचे खेळ आहेत. मॅट लीकॉक यांचा २००८ मधला ‘पँडेमिक’ त्यांत सगळ्यात गाजला. पत्नीबरोबर खेळताना हार-जितीची कटुता मागे राहू नये, या इच्छेतून तो रचला गेला. खेळाडू साथीशी लढणारे वैद्य आणि शास्त्रज्ञ होतात. जगभर पसरणारे चार रोग आटोक्यात आले तर सगळे जिंकतात, नाहीतर सगळे हरतात. पण इथेही एक खोट आहे. एखादा बोलका माणूस सगळ्यांच्या चाली ठरवू लागतो आणि बाकीचे नुसते हात हलवणारे उरतात. ‘हनाबी’ या २०१३ च्या विजेत्या खेळाने त्यावर नामी तोड काढली. त्यात पत्ते उलटे धरतात: स्वतःचे पत्ते स्वतःला दिसत नाहीत, इतरांना दिसतात. सांगितल्याशिवाय दुसऱ्याचे चालत नाही आणि ऐकल्याशिवाय स्वतःचे.

प्रत्येक खेळ माणसांना बोलते करतो असे नाही. चार तासांचे अवघड डावपेचांचे खेळ असतात. त्यांत चौघे जण माना खाली घालून आपापली गणिते मांडतात आणि उठताना एकमेकांची विचारपूसही झालेली नसते. त्यांचे रसिक आहेत आणि कॅफेत त्यांचीही टेबले असतात. पण फार दिवसांनी भेटलेल्या मित्रांना असा खोका देणे ही शिकवणाऱ्याची चूक समजावी.

धंदा म्हणून हा प्रकार नाजूक आहे. साध्या उपाहारगृहात एका टेबलावर संध्याकाळभरात तीन-चार गिऱ्हाइके बसून उठतात. इथे एकच कुटुंब दोन कॉफ्यांवर तीन तास बसते. म्हणून बसण्याचे पैसे घ्यावे लागतात, कुठे तासावर, कुठे एकरकमी. शुक्रवार-शनिवारी जागा मिळत नाही आणि मंगळवारी टेबले रिकामी असतात. मग स्पर्धा, कंपन्यांच्या सहली, वाढदिवस यांवर आठवडा भरून काढतात. खोक्यांची निगा हे वेगळेच काम. एका खोक्यात शंभर-दोनशे तुकडे असतात आणि त्यातला एक जरी हरवला तरी काही खेळ निकामी होतात. पत्त्यांना प्लास्टिकची आवरणे घालतात, तुकडे जातवार छोट्या पिशव्यांत भरतात. तळणीचे तेलकट बोट पत्त्याला लागू नये म्हणून खाण्याच्या यादीतही काट्याने किंवा काडीने खायचे पदार्थ पुढे सरकवतात. कोविडच्या काळात हे कॅफे महिनोन्‌महिने बंद राहिले. परक्यांनी हाताळलेले तुकडे हाताळत जवळजवळ बसायचे, हाच ज्याचा गाभा, त्याला तो काळ सगळ्यात कठीण गेला.

मुंबई, पुणे, बंगळुरू आणि दिल्लीतही गेल्या दशकभरात बोर्ड गेम कॅफे निघाले, काही बंद पडले, काही टिकले. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘डुलाली’ या बिअर बनवणाऱ्या कंपनीने पुढे मुंबईतल्या आपल्या टॅपरूममध्येही बोर्ड गेम ठेवले आणि तरुणांत त्यांची गोडी लावली. भारतीय रचनाकारही पुढे येत आहेत. झैन मेमन यांचा निवडणुकीच्या राजकारणावरचा ‘शासन’ हा खेळ २०१९ मध्ये लोकवर्गणीतून उभा राहिला आणि परदेशांतही पोचला.

महाराष्ट्राकडे तर या बाबतीत स्वतःचे मोठे संचित आहे. सापशिडीचा पूर्वज असलेला मोक्षपट परंपरेने ज्ञानेश्वरांशी जोडला जातो. त्याला समकालीन पुरावा नसला, तरी पाप-पुण्याच्या घरांचे असे पट मराठी मुलखात खेळले जात होते हे निश्चित. नाशिकच्या पांडवलेण्यांत दगडात कोरलेले खेळांचे पट आढळतात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुने पट आणि सोंगट्या पाहायला मिळतात. सावंतवाडीत दशावतारी गंजिफा अजून हाताने रंगवली जाते: दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी एकशेवीस गोल पाने. तरीही मराठी शहरांतल्या कॅफेंच्या फळीवर सारीपाट किंवा गंजिफा क्वचितच दिसते, आणि मराठीत समजावणारा माणूस मिळेलच याची खात्री नसते. या दोन्ही उणिवा दूर करायला मोठे भांडवल लागत नाही. ग्रंथालये, ज्येष्ठ नागरिक संघ आणि गृहनिर्माण संस्थांची सभागृहे यांनीही दहा-बारा निवडक खोके आणि आठवड्यातून एक संध्याकाळ शिकवणारा एक माणूस एवढी तजवीज केली, तर कॅफेचे पैसे न परवडणाऱ्यांचीही सोय होईल.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी आठवड्याच्या मधला वार निवडावा. गर्दी नसते आणि शिकवणाऱ्याला सवड असते. किती जण आहोत, वयोमान काय, कोणाला इंग्रजी वाचायला अवघड जाते, हे आधीच सांगावे. अर्ध्या तासात संपणाऱ्या खेळाने सुरुवात करावी आणि तो आवडला तर लगेच दुसरा डाव टाकावा, कारण नियम अंगवळणी पडल्यावरच खरी मजा येते. उठण्यापूर्वी तुकडे मोजून खोक्यात भरावेत. एखादा खेळ घरी न्यावासा वाटला तर जरूर विकत घ्यावा. फक्त तो इतरांना समजावून कोण देणार, हे दुकानातच ठरवावे, आणि ते काम शक्यतो घरातल्या धाकट्याकडे द्यावे.